अर्धं दाबायचं, मग पूर्ण

शनिवारी दुपारी बाबांनी त्यांचा कॅमेरा पहिल्यांदाच माझ्या हातात दिला. ‘जरा धर’ म्हणून याआधी अनेकदा दिला होता, पण तेव्हा त्यांचा एक हात माझ्या हाताखाली असायचा, तान्हं मूल पाहुण्यांकडे देताना ठेवतात तसा. या वेळी त्यांनी हात काढून घेतला. फोटो मी काढायचा होता, आणि तो त्यांचा. वाचनालयाच्या नव्या कार्डासाठी त्यांना फोटो हवा होता आणि स्टुडिओत जाणं त्यांना आता कमीपणाचं वाटत होतं.

“आधी पट्टा मनगटात घाल,” ते म्हणाले. “मग कॅमेरा. उलट नाही.”

“बाबा, माझी बस आहे.”

“बस दर अर्ध्या तासाला आहे. पट्टा.”

या कॅमेऱ्याला आमच्या घरात ‘धाकटा’ म्हणत. नाव आईने ठेवलं. मी एकुलती एक मुलगी. चाळिशी ओलांडेपर्यंत ते पद माझ्याकडे बिनविरोध होतं. बाबा पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले, त्यालाही बरीच वर्षं झाली, मग आयुष्यभर जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढलेला माणूस जमिनीवरचं काहीतरी काढू म्हणाला, आणि धाकटा घरी आला. मुठीत मावेल एवढा. काळा. त्याची किंमत म्हणून आईला जो आकडा सांगितला गेला, तो त्याच्या कव्हरचा होता.

“आकार बघू नका, सेन्सर बघा,” हे बाबांचं पालुपद. फोनचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा तुकडा, मसुराच्या दाण्याएवढा, आणि ह्याचा टपालाच्या तिकिटाएवढा. म्हणून संध्याकाळच्या अंधुक खोलीतही ह्याला सगळं दिसतं. पण बाबांची एक पद्धत होती: कुठल्याही वस्तूचे ते आधी दोष सांगत. नवा मिक्सर आला तरी शेजाऱ्यांना आधी त्याचा आवाज ऐकवत. तसंच इथे. “ह्याला झूम नाही. माणूस जवळ हवा असेल तर आपण चालत जवळ जायचं. बॅटरी सशाच्या पोटाएवढी. भिंगाची नळी आत-बाहेर होते, तिथून धूळ शिरली की संपलं, भिंग काढून पुसायची सोय नाही. आणि सेन्सर मोठा असल्यामुळे फोकसचा पदर फार पातळ. नाकावर धरला की कान गेला, कानावर धरला की नाक गेलं.” एवढं ऐकल्यावर समोरचा विचारायचाच, “मग घेतला कशाला?” त्यावर बाबा एक फोटो दाखवत. बहुतेकदा आईचा. मग समोरचा काही विचारत नसे.

शिवाय ह्याला आवाज नव्हता. बटण दाबलं तरी खट् नाही, खुट् नाही. त्यामुळे फोटो काढला की नाही, हे काढून घेणाऱ्याला कधीच कळत नसे. मी ताटकळून विचारायची, “झालं का? लवकर काढा हो बाबा.” वर्षभर दर शनिवारी हेच वाक्य.

त्या शनिवारी ते बाल्कनीच्या दारात उभे राहिले. मागे दोरीवर आई कपडे वाळत घालत होती. बाबांच्या अंगात निळा स्वेटर, चष्मा कपाळावर.

“चष्मा खाली घ्या.”

“चकाकतो. राहू दे. आता बघ, अर्धं दाबायचं. चौकोन हिरवा झाला की मग पूर्ण. एकदम नाही. अर्धं...”

मी एकदम दाबलं.

“झालं?” त्यांनी विचारलं.

“झालं.”

“बघू.”

“पुढच्या शनिवारी बघा. बस जाईल. मेमरी कार्ड तर लॅपटॉपमध्येच राहिलंय म्हणाला होतात ना?”

“कार्डाचं काय? ह्याला स्वतःचं पोट आहे. थोडे फोटो आतच राहतात,” ते म्हणाले, आणि धाकट्याचा हा एक गुण सांगायचा राहिलाच होता अशा समाधानाने त्यांनी तो परत घेतला.

रविवारी सकाळी ते चहा घेऊन खुर्चीत बसले. चहा तसाच राहिला.

*

नंतरच्या दिवसांबद्दल मला लिहायचं नाही. फोटोबद्दल लिहायचं आहे.

पुढच्या रविवारी वाचनालयाच्या सभागृहात शोकसभा ठरली. टेबलावर ठेवायला फोटो हवा, असा निरोप आला. घरात शोधाशोध केली तेव्हा लक्षात आलं, की बाबांचा अलीकडचा फोटोच नाही. होता तो नोकरीच्या ओळखपत्रावरचा, ज्यात ते पोलिसांना हवे असल्यासारखे दिसत. आणि एक लग्नातला, ज्यात मिशीच एवढी होती की बाकी माणूस तिच्या आधाराने उभा होता. नातेवाइकांना विचारलं. मावशीने तीन फोटो पाठवले, आत्याने पाच. सगळ्यांत बाबा होते, आणि सगळ्यांत चेहऱ्याच्या जागी कॅमेरा होता. दूरचं कमी दिसायचं, म्हणून ते चष्मा कपाळावर सरकवून धाकट्याला थेट नाकाला लावत. जो कोणी त्यांचा फोटो काढायला जाई, त्याचाच फोटो ते काढत असत.

“शनिवारचा आहे ना,” आई म्हणाली. “तू काढलेला. निळ्या स्वेटरमधला. मला तोच हवा.”

मी कपाटातून धाकट्याला काढलं आणि बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. घरात नेमक्या त्याच वेळी वरच्या मजल्यावरच्या काकू आणि समोरचे मॅनेजरकाका बसलेले होते. काका बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झाले, पण बाहेर पडताना बहुधा खुर्ची बरोबर घेऊन आले. कुठेही बसले की समोरचा माणूस अर्जदार वाटू लागतो.

“दमट हवा,” काकू म्हणाल्या. “ओल धरली असणार. माझ्या फोनचं असंच झालेलं. तांदळात घाल.”

“काकू, तो कपाटात होता.”

“कपाटंच ओल धरतात.”

मी प्रूफं तपासते. वाक्यातली चूक मला लांबून दिसते. माणसाच्या बोलण्यातली चूकही दिसते, पण ती खोडता येत नाही, ही माझ्या व्यवसायाची मर्यादा. मी पाणी आणायला आत गेले. परत येते तो धाकटा तांदळाच्या डब्यात गळ्यापर्यंत बुडालेला, वरून काकूंनी आणखी एक मूठ टाकली होती आणि आई ते पाहत होती. तिने विरोध केला नाही. त्या दिवसांत ती कशालाच विरोध करत नव्हती. काकूंनी तर तिच्या देखत आमच्या भांड्यांची मांडणी बदलली होती.

“बॅटरी संपली असेल,” मॅनेजरकाका शांतपणे म्हणाले.

हे त्यांनी तांदळाच्या आधी का सांगितलं नाही, असं मी विचारलं. “मला कुणी विचारलं नाही,” ते म्हणाले. बँकेचा बाणा.

मग वायर शोधली. बाबांच्या वायरींच्या खणात प्रत्येक वायरीला चिठ्ठी बांधलेली होती. ‘जुना रेडिओ’. ‘दाढीचे यंत्र (बिघडलेले)’. एका भल्यामोठ्या जुडग्याला चिठ्ठी होती, ‘कशाची माहीत नाही. टाकू नये.’ त्या चिठ्ठीपाशी मी जरा थांबले. काकांनी मला हाक मारली. वायर अर्थातच त्याच जुडग्यात निघाली.

तासाभराने धाकट्याचा दिवा लागला. बटण दाबताच नळी अर्धी बाहेर आली, दातात खडा आल्यासारखा आवाज झाला, आणि ती तिथेच थांबली. पडद्यावर अक्षरं आली: बंद करून पुन्हा चालू करा. मी बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा खडा. पुन्हा तीच अक्षरं. या आज्ञेत पुढे काय करायचं ते लिहिलेलं नव्हतं, हा संपादनाचा गंभीर दोष आहे.

“तांदळाचा भुसा गेला आत,” काका म्हणाले.

“मी चाळलेले तांदूळ घेतले होते,” काकू दुखावल्या.

“एक थाप मारा. जुना रेडिओ कसा सुरू व्हायचा?”

काकांचा हात वर गेला. मी कॅमेरा छातीशी धरून दुसऱ्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. बाहेर काकांचा आवाज ऐकू येत होता, “मी आधीपासून सांगत होतो, फोन घ्या. माझ्या फोनला...” मग आवाज मध्येच थांबला. त्यांनी रोज संध्याकाळी बाबांशी याच विषयावर भांडण केलं होतं. आता उत्तर द्यायला कुणी नव्हतं, आणि मला वाटतं तेव्हा त्यांनाही ते कळलं.

*

दुरुस्ती केंद्रात थंडगार हवा होती आणि भिंतीवर हसणाऱ्या कुटुंबांचे फोटो होते. काउंटरवरची बाई माझ्याहून बरीच लहान, पण बोलण्यात शाळेच्या मुख्याध्यापिकेचा ठसका.

“वॉरंटी कुणाच्या नावावर आहे?”

मी बाबांचं नाव सांगितलं.

“मालक कुठायत?”

आता इथे एक वाक्य म्हणायचं होतं. कर्ता आणि क्रियापद, दोनच शब्द. मला ते येतं. दुसऱ्यांनी लिहिलेलं ते वाक्य मी आजवर शेकडो पानांवर तपासलेलं आहे.

“ते... नाहीत,” मी म्हणाले.

“नाहीत म्हणजे?”

“इथे नाहीत.”

“कधी येतील?”

“प्रवासात आहेत,” मी म्हणाले, आणि म्हणताक्षणी कळलं की आपण खड्ड्यात पाय ठेवला आहे.

“काही हरकत नाही. त्यांच्या फोनवर कोड पाठवते. तो सांगायला सांगा.”

बाबांचा फोन घरी, आईच्या उशाशी. मी घरी फोन लावला. आईने उचलला. “आई, बाबांच्या फोनवर एक नंबर आलाय, तो वाच.” “चष्मा कुठंय माझा?” “डोक्यावर बघ.” “डोक्यावर नाही.” “आई, लवकर.” “हं. सहा... हा सहा की आठ?” तोवर कोडाची मुदत संपली. दुसरा कोड. दुसऱ्यांदा आईने मला वेळ वाचून दाखवली. काउंटरवरच्या बाईने तोंड लपवून हसू आवरलं. “काका-काकू मजेत फिरतायत वाटतं,” ती म्हणाली. “बघायला कुठे गेलेत?”

मी एका थंड हवेच्या ठिकाणाचं नाव सांगितलं. का, ते विचारू नका. ती म्हणाली, “अय्या, तिथे तर आता फार थंडी. स्वेटर नेलाय ना?”

“निळा,” मी म्हणाले.

तिसरा कोड बरोबर आला. मग तिने एक कागद सरकवला. “इथे सही. दुरुस्तीत आतला भाग बदलला तर पोटातल्या मेमरीतलं सगळं पुसलं जाईल. आमची जबाबदारी नाही.”

“सगळं?”

“फोटोच ना? पुन्हा काढता येतील की.”

पेन माझ्या हातात होतं. मागे रांगेतला एक माणूस घसा खाकरत होता. “नको,” मी म्हणाले. “ते पुसायचं नाही.”

“मग दुरुस्ती नको?”

“दुरुस्ती हवी. पुसायचं नाही.”

“ताई, दोन्ही कसं होईल? मालकांशी बोलून या. परतले की त्यांनाच पाठवा, ते बरोबर समजून घेतील.”

मी कॅमेरा उचलून बाहेर आले. इतकं शिकून, इतकं वाचून, मी बाबांना डोंगरावर फिरायला पाठवून आले होते आणि तेही आईला घेऊन. फुटपाथवर उभं राहून मला हसू आलं, आणि ते लवकर थांबेना, म्हणून मी एका चपलांच्या दुकानाच्या काचेकडे तोंड करून उभी राहिले. दुकानदार बाहेर येऊन म्हणाला, “आत या, बसून बघा.”

*

घरी आल्यावर मी आईला म्हणाले, “ओळखपत्रावरचाच फोटो मोठा करून घेऊ. शोकसभा परवावर आली.”

“का?”

मी सगळं सांगितलं. थंड हवेचं ठिकाण वगळून. मग तेही सांगितलं.

“मला पण नेलंस ते एक बरं केलंस,” आई म्हणाली. “एरवी एकटेच जायचे.” आणि चप्पल घालायला लागली. त्या आठवड्यात तिने स्वतःहून चप्पल घातली ती पहिल्यांदा.

काउंटरवर तीच बाई. मला पाहून ती उत्साहाने म्हणाली, “आले का काका?”

आईने पिशवी काउंटरवर ठेवली. “हिचे वडील रविवारी गेले,” ती साध्या आवाजात म्हणाली. “त्यांचा एकच फोटो आहे, तो ह्याच्या आत आहे. आता काय करायचं ते सांग, बाळा.”

ती बाई माझ्याकडे बघायला लागली. मी भिंतीवरच्या हसणाऱ्या कुटुंबांकडे बघायला लागले. तिने कागद उचलून खणात टाकला, आत जाऊन एका तंत्रज्ञाला घेऊन आली. तो जाड मिशांचा, घाईतला. त्याने बटण दाबलं. नळी अर्धी आली, खडा चावला गेला.

“उघडावाच लागेल,” तो म्हणाला. “खात्री नाही देत.”

“थांबा,” आई म्हणाली. “ही नळी बाहेर कशाला काढताय?”

“आजी, नळी बाहेर आल्याशिवाय कॅमेरा चालू कसा होणार?”

“ह्यांचा व्हायचा. गादीवर पडून फोटो बघत बसायचे. मी म्हणायची, ते त्याचं नाक खुपसू नका माझ्या कुशीत. मग नळी आतच ठेवून बघायला लागले. मोठं बटण नाही दाबायचे. हे, त्रिकोणाचं. दाबून धरायचे.”

तिने ते दाबून धरलं. नळी हलली नाही. पडदा उजळला.

मी म्हणाले, “आई, तू हे आधी का नाही सांगितलंस?”

“मला कुणी विचारलं?” आई म्हणाली. मॅनेजरकाकांशी तिची इतक्या वर्षांची ओळख वाया गेली नव्हती.

पडद्यावर बाबा होते. बोट वर केलेले, तोंड उघडं, ‘अर्धं’ म्हणत असताना पकडलेले. आणि संपूर्ण धूसर. तंत्रज्ञाने फोटो मोठा करून इकडे तिकडे सरकवला. निळा स्वेटर धूसर. कपाळावरचा चष्मा धूसर. मागे दोरीवर लाल चिमटा मात्र असा लख्ख, की त्याच्या गंजलेल्या स्प्रिंगचे वेढे मोजून घ्यावेत.

“फोकस चिमट्यावर बसलाय,” तो म्हणाला. “घाईत दाबलं की होतं. मोठा सेन्सर आहे ना. आता हे स्पष्ट होणार नाही.”

मी काउंटरची कड धरली. एवढ्या धडपडीनंतर हे. हिरवा चौकोन. अर्धं, मग पूर्ण. एकच गोष्ट सांगितली होती.

आईने कॅमेरा आपल्याकडे ओढला. चष्मा काढून ठेवला. पडदा डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी हलका झाला.

“हेच,” ती म्हणाली. “अगदी हेच. रोज सकाळी मला असेच दिसायचे, चष्मा सापडायच्या आधी.”

*

शोकसभेत तोच फोटो टेबलावर होता, मोठा करून. चिमट्यासकट. मॅनेजरकाका समोर जाऊन उभे राहिले. त्यांनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली, “फोकस गेलाय. माझ्या फोनने...” मग हात मागे बांधून फोटोकडे वाकले. म्हणाले, “बोलतोय अजून. दोष सांगत असणार.” काकूंनी मला कोपऱ्यात घेऊन तांदळाबद्दल माफी मागितली आणि त्याच दमात फुलदाणीची जागा बदलली.

धाकटा नंतर दुरुस्त होऊन आला. नळी व्यवस्थित आत-बाहेर होते. फक्त प्रत्येक फोटोत वरच्या डाव्या कोपऱ्यात एक बारीक करडा ठिपका येतो. भुशाचा कण सेन्सरवर बसला आहे, काढायचा तर पुन्हा सगळं उघडावं लागेल. आई म्हणाली, “असू दे. खाऊन पिऊन सुखी दिसतो.”

आता शनिवारी आई फोटो काढते. मागच्या शनिवारी तिने मला बाल्कनीच्या दारात उभं केलं. समोर भिंतीवर, तिच्या खांद्यामागे, बाबांचा तो फोटो. बोट वर.

“पट्टा घातलास?” मी विचारलं.

“आधी पट्टा घातला. मला शिकवू नकोस.” तिने चष्मा कपाळावर सरकवला आणि धाकट्याला थेट नाकाला लावलं. “अर्धं दाबलंय. चौकोन शोधतोय. हलू नकोस.”

मी थांबले. कॅमेऱ्याचा आवाज नाही. झालं की नाही, कळायला मार्ग नाही. खाली रस्त्यावरून माझी बस गेली, तिचा हॉर्न ओळखीचा आहे. सवयीने ते जुनं वाक्य तोंडात आलं होतं.

“काही बोलायचंय का?” आई कॅमेऱ्यामागून म्हणाली. “बोलायचं तर आत्ता बोल, मग तोंड मिट.”

मी तिच्या खांद्यावरून भिंतीकडे बघितलं.

“सावकाश काढा, बाबा,” मी मोठ्याने म्हणाले. “मला कुठेही जायचं नाहीये.”